आकाशचं रॉकेट, अस्त्रचं रॅमजेट

डीआरडीओच्या दोन क्षेपणास्त्रांची एक गंमत आहे. 'आकाश' हे जमिनीवरून विमान पाडणारं क्षेपणास्त्र. १९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्याचं काम सुरू झालं आणि ते रॅमजेटवर चालतं. त्याची पुढची पिढी म्हणजे 'आकाश-एनजी'. तिची पहिली चाचणी जानेवारी २०२१ मध्ये झाली आणि ती मात्र शुद्ध रॉकेट आहे. आता 'अस्त्र' घ्या. हे विमानातून विमानावर मारायचं. आज हवाईदलाकडे असलेलं अस्त्र रॉकेटवर चालतं, पण त्याच्या पुढच्या, लांब पल्ल्याच्या भावंडासाठी जे इंजिन तयार होतंय ते रॅमजेट!

म्हणजे एकाच संस्थेत, साधारण एकाच दशकात, एक क्षेपणास्त्र रॅमजेट सोडून रॉकेटकडे निघालंय आणि दुसरं रॉकेट सोडून रॅमजेटकडे. दोघांची वाटेत गाठ पडली असती तर काय बोलले असते कोण जाणे. मग यातलं चांगलं कुठलं? पेपरात बातमी येते तेव्हा सरळ लिहिलेलं असतं, "अत्याधुनिक रॅमजेट तंत्रज्ञान". तसं असेल तर आकाशवाल्यांनी हातातलं अत्याधुनिक तंत्रज्ञान का सोडलं?

थोडं मुळापासून बघू. इंजिनिअरिंगला थर्मो शिकलेल्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

दिवाळीतला बाण पेटवला की त्याला बाहेरची हवा लागत नाही, कारण दारूतच सोरा असतो. सोरा जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवतो. क्षेपणास्त्राच्या घन इंधनात सोऱ्याच्या जागी बहुतेक वेळा अमोनियम परक्लोरेट असतं, आणि ते प्रोपेलंटच्या वजनाच्या साधारण ७० टक्के असतं. म्हणजे १०० किलो प्रोपेलंट भरलं तर त्यातलं जेमतेम ३० किलो खरं 'जळण', बाकी सगळा ऑक्सिजनचा साठा. आणि हा साठा आपण वाहून कुठून नेतोय, तर हवेतून! नदीतून पोहत जाताना पाठीवर पाण्याची घागर घेण्यासारखं आहे हे.

रॅमजेट ही घागर खाली ठेवतं. पुढून हवा घ्यायची, तिच्यात इंधन जाळायचं, मागून सोडायची. जेट इंजिनात हवा दाबायला कॉम्प्रेसर असतो, इथे तोही नाही. वेगच हवा दाबतो. आदर्श गणितात मॅक २ ला हवेचा दाब जवळपास ८ पट होतो आणि मॅक ३ ला सुमारे ३७ पट. प्रत्यक्षात इनटेकमध्ये थोडा दाब वाया जातो, पण कल्पना आली असेल. फिरणारा एकही मोठा भाग नाही. १९१३ साली रने लोराँ या फ्रेंच माणसाने ही कल्पना मांडली तेव्हा त्या वेगाने उडणारं काहीच जगात नव्हतं, त्यामुळे ती कागदावर राहिली.

हिशोब स्पेसिफिक इम्पल्समध्ये करतात. एक किलो इंधन एक किलोचा रेटा किती सेकंद देईल, हे ते माप. घन रॉकेट साधारण २५० सेकंद देतं. केरोसीनसारख्या द्रव इंधनावरचं रॅमजेट मॅक २-३ ला १२०० च्या पुढे जातं. घन इंधनावरचं, ज्याला डक्टेड रॉकेट म्हणतात, ते या दोघांच्या मधे, ८०० ते १००० च्या आसपास. आकडे बघितले की वाटतं, निकाल लागला, घरी जा.

पण उभं असताना रॅमजेट शून्य आहे. मॅक २ च्या आसपास पोचल्याशिवाय ते धड कामाला येत नाही. तिथपर्यंत त्याला कुणीतरी ढकलत न्यावं लागतं आणि क्षेपणास्त्रात हे ढकलणारं म्हणजे पुन्हा रॉकेटच. त्यामुळे 'रॉकेट की रॅमजेट' असा सामना कधीच नसतो. सामना असतो रॉकेट विरुद्ध रॉकेट अधिक रॅमजेट. दुसऱ्या संघाचं वजन जास्त, भाग जास्त, बिघडायच्या जागा जास्त. ही किंमत कधी वसूल होते, एवढाच प्रश्न आहे.

इथे विमान कामाला येतं. १९४९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रने लदुकचं रॅमजेट विमान पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर उडालं ते दुसऱ्या एका मोठ्या विमानाच्या पाठीवरून सुटून. त्याला स्वतःहून धावपट्टी सोडताच आली नसती. हाच हिशोब क्षेपणास्त्राला लावा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. मॅक २ गाठायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी मॅक ०.९ ने उडणारं विमान २० टक्के फुकट देतं, आणि मॅक १.५ ने जाणारं ५६ टक्के. शिवाय ११ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ३० टक्केच असते, म्हणजे ढकलताना अडवणारी हवाही कमी. जमिनीवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला यातलं काहीच मिळत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या नाशिकजवळ ओझरला तयार झालं. ब्रह्मोस हे मुळात दोन टप्प्यांचं: आधी घन इंधनाचा बूस्टर, मग द्रव इंधनाचं रॅमजेट. जमिनीवरून किंवा जहाजावरून सुटणाऱ्या ब्रह्मोसचं वजन सुमारे ३ टन. सुखोईच्या पोटाखाली लावायचं ठरलं तेव्हा बूस्टर छोटा करता आला आणि वजन अडीच टनांवर आलं. हे अर्धा टन वजन म्हणजे विमानाने दिलेला वेग आणि उंची, किलोत मोजलेली.

अर्थात अडीच टन म्हणजे काय चेष्टा नाही. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठी उभा राहिलेला. सुखोई-३० एमकेआय तिथेच जोडली जातात. पण या विमानाची मूळ रचना पोटाखाली एकच ८ मीटरच्या आसपास लांबीचं, अडीच टनांचं ओझं धरायला केलेली नव्हती. सांगाडा मजबूत करावा लागला, नवा लाँचर बनवावा लागला, वायरिंगपासून काम करावं लागलं. २५ जून २०१६ ला असं विमान क्षेपणास्त्रासह नाशिकहून पहिल्यांदा उडालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर पहिला प्रत्यक्ष मारा झाला. क्षेपणास्त्र आधी नुसतं खाली सोडलं जातं, विमानापासून पुरेसं दूर पडू दिलं जातं आणि मगच बूस्टर पेटतो. ते काही क्षण वैमानिकाला केवढे वाटत असतील! जानेवारी २०२० मध्ये तंजावरला या विमानांची स्क्वाड्रन उभी राहिली.

ब्रह्मोसला रॅमजेटच का, याचं उत्तर सोपं आहे. त्याला समुद्राच्या अगदी जवळून, दाट हवेतून, मॅक २.८ च्या आसपास जायचंय. दाट हवा सतत मागे खेचते, त्यामुळे ढकलणंही सतत लागतं. रॉकेटने हे करायचं तर ऑक्सिजनचाच टँकर न्यावा लागेल.

आकाशला मात्र हे गणित तितकं जमत नव्हतं. आकाशचं इंजिन सोव्हिएत 'कुब'च्या वळणाचं. हे कुब १९७३ च्या युद्धात इजिप्त आणि सीरियाकडे होतं आणि इस्रायली विमानांना त्याने चांगलंच सतावलं. मधल्या चार नळ्यांतून हवा घ्यायची, घन इंधनाच्या धुरकट वायूत मिसळून जाळायची. बूस्टर संपल्यावरही इंजिन शेवटपर्यंत ढकलत राहतं, त्यामुळे लक्ष्याजवळ पोचताना आकाशचा दम संपलेला नसतो. साठच्या-सत्तरच्या दशकात हे फार मोठं होतं. पण त्यासाठी ७२० किलोचं क्षेपणास्त्र लागलं, तेही २५-३० किलोमीटरच्या पल्ल्याला. शून्यापासून सुरुवात, वर उंची गाठायची, आणि चार जाडजूड नळ्या सुरुवातीपासून अंगावर.

मधल्या काळात रॉकेटवालेही गप्प बसले नव्हते. ड्युअल पल्स मोटर आली. प्रोपेलंटचे दोन भाग करायचे, मधे पडदा घालायचा, पहिला सुरुवातीला जाळायचा आणि दुसरा हवा तेव्हा, शेवटाकडे. शेवटच्या टप्प्यात दम राखायचं जे काम आकाशमध्ये रॅमजेट करत होतं, ते आता कमी वजनात, नळ्यांशिवाय, बंद डब्यातून सोडता येईल अशा सडपातळ क्षेपणास्त्रात होऊ लागलं. आकाश-एनजी तिकडे वळलं ते माझ्या मते बरोबरच झालं. आणि जुन्या आकाशला यात काही कमीपणाही नाही. मे २०२५ मध्ये ते प्रत्यक्ष कामाला आलंच की.

मग ड्युअल पल्सने सगळंच सुटत असेल तर अस्त्रला रॅमजेट कशाला?

इथे मे २०२५ मधलीच दुसरी गोष्ट. १२ मेच्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राच्या अवशेषांची छायाचित्रं दाखवली. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातही त्याचा बराच मोठा भाग सापडला होता. पीएल-१५ रॉकेटवर चालतं, ड्युअल पल्स मोटरसह असं सर्वत्र मानलं जातं. निर्यातीसाठीच्या आवृत्तीचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर. समोर आपल्या हवाईदलाकडे राफेल, ज्याच्यासाठी मीटिओर हे युरोपियन रॅमजेट क्षेपणास्त्र घेतलंय. टीव्हीवर दोन्हीच्या पल्ल्याचे आकडे शेजारी शेजारी लावून चर्चा चालली होती.

मला त्या आकड्यांचा राग येतो. हवेतून हवेत मारायच्या क्षेपणास्त्राला 'पल्ला' असा एक आकडा नसतोच. कुठल्या उंचीवरून सोडलं, सोडणारं विमान किती वेगात होतं, लक्ष्य समोरून येतंय की पाठ फिरवून पळतंय, यावर तोच आकडा कितीतरी पटींनी बदलतो. समोरून मॅक १ ने येणारं विमान क्षेपणास्त्राचा काही प्रवास स्वतःच करून देतं. तेच उलटं फिरून खाली सूर मारून पळालं तर?

रॉकेट क्षेपणास्त्र काही सेकंद जळतं, मॅक ४ वगैरे गाठतं आणि पुढचा सगळा प्रवास न्यूट्रलमध्ये. चाळीसगावहून येताना कन्नडचा घाट चढावा लागतो. तो सायकलने चढायचा असेल आणि पायथ्याशीच जीव तोडून पेडल मारून नंतर पाय वर घ्यायचे असतील, तर वरच्या वळणावर काय होईल? ड्युअल पल्स म्हणजे अर्ध्या घाटात आणखी एकदा जोर लावायची परवानगी. एकदाच. आणि वळणं फुकट नसतात. प्रत्येक तीव्र वळणाला क्षेपणास्त्राचा वेग खर्च होतो. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये जिवावर उदार होऊन वळणारं विमान आणि दमलेलं क्षेपणास्त्र अशी गाठ पडली तर विमान सुटायची शक्यता बरीच असते. किती अंतरापर्यंत ती शक्यता उरत नाही, त्याला 'नो एस्केप झोन' म्हणतात, आणि वैमानिकाच्या दृष्टीने खरा आकडा तो. मीटिओरचा हा झोन जगात सगळ्यात मोठा असल्याचा बनवणाऱ्यांचा दावा आहे. दाव्याचं मीठ बाजूला काढलं तरी दिशा पटण्यासारखी आहे. मीटिओरच्या इंजिनात गॅस किती सोडायचा हे कमीजास्त करता येतं. मधल्या निवांत प्रवासात थोडं जाळायचं, शेवटी पुन्हा झडप घालायला शिल्लक ठेवायचं. पेडल शेवटपर्यंत पायाखाली.

रॅमजेटला खोडीही आहेत. हवा तोंडात नीट शिरली पाहिजे, म्हणून वळताना क्षेपणास्त्र मनाला येईल तसं तिरकं होऊ शकत नाही. मीटिओर विमानासारखं कुशीवर होऊन वळतं ते त्यासाठी. नळ्यांमुळे ते जाड आणि महाग होतं. जवळच्या मारामारीत तर रॉकेटचा तडाखा पुरेसा असतो. अमेरिकेने अजूनही आपल्या लढाऊ विमानांच्या अँराम क्षेपणास्त्रात रॉकेटच ठेवलंय, ते काही त्यांना रॅमजेट येत नाही म्हणून नव्हे. साठच्या दशकात त्यांच्याकडे बोमार्क आणि टॅलोस अशी रॅमजेट क्षेपणास्त्रं सेवेत होती.

आणि विमानातून सोडलं म्हणजे रॅमजेटच हवं असंही नाही. शत्रूच्या रडारवर मारायला आपण रशियन केएच-३१ वापरत आलोय, ते रॅमजेट. (या केएच-३१ ची अमेरिकन नौदलाने नव्वदच्या दशकात सरावासाठी टार्गेट म्हणून खरेदी केली होती. दुनिया गोल आहे. :-)) त्याच कामासाठी आपण बनवलेलं रुद्रम-१ ऑक्टोबर २०२० मध्ये सुखोईवरून चाचणीला गेलं आणि मे २०२४ मध्ये रुद्रम-२. दोन्ही घन इंधनाची रॉकेटं. रडार पाठ फिरवून पळत नाही. त्यामुळे शेवटी पाठलाग नाही आणि समुद्राला घासून जायची अटही नाही. विमानाने दिलेली उंची आणि वेग घ्यायचा, वरून जायचं, खाली यायचं. इथे रॅमजेटची किंमत मोजून हाती काय लागणार? अस्त्रची अडचण वेगळी आहे. त्याचं लक्ष्य पळतं.

आता त्या इंजिनाकडे. त्याचं नाव सॉलिड फ्युएल डक्टेड रॅमजेट, बातम्यांत एसएफडीआर. हैदराबादच्या डीआरडीएलचा प्रकल्प, सोबत हैदराबादचंच रिसर्च सेंटर इमारत आणि पुण्याची एचईएमआरएल. पाषाणजवळच्या सुतारवाडीतली ही प्रयोगशाळा. तिचं मूळ १९०८ साली नैनितालला निघालेल्या एका रासायनिक परीक्षणाच्या कचेरीत आहे. १९६० मध्ये ती पुण्यात स्फोटकं संशोधन प्रयोगशाळा झाली आणि १९९५ पासून आजचं नाव. स्फोटकं आणि प्रोपेलंट हेच तिचं क्षेत्र. ब्रह्मोसवाल्या सुखोईसाठी ओझर, प्रोपेलंटसाठी पुणे, ब्रह्मोसच्या बूस्टरसाठी नागपूर... नकाशावर रेघा मारल्या तर संभाजीनगर बरोबर मधे येतं. आमच्याकडे मात्र अजून दुचाकीचेच सुटे भाग जास्त बनतात!

एसएफडीआरमध्ये मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्याचा बूस्टर. असल्या क्षेपणास्त्रात जागा वाचवण्यासाठी बूस्टर आणि रॅमजेट एकाच पोकळीत बसवतात. आधी त्यात बूस्टर जळतो, रिकामी झालेली तीच पोकळी मग रॅमजेटची भट्टी होते. पण रॉकेटला मागे अरुंद नोझल लागतं, रॅमजेटला रुंद. मग अरुंद नोझल मधेच फेकून द्यायचं? कुबसारख्या जमिनीवरच्या क्षेपणास्त्रात मागे काय पडतंय याची फिकीर कमी. विमानातून सोडलं तर आजूबाजूला आपलीच विमानं असतात, सुपरसॉनिक वेगात. एक धातूचा तुकडा कुणाच्या इंजिनात गेला की संपलं. म्हणून नोझलच ठेवायचं नाही. प्रोपेलंट अशा आकारात ओतायचं की त्याचीच मधली पोकळी नोझलचं काम करेल. जळत जळत ती रुंद होत जाते, शेवटी काहीच उरत नाही, फेकायला काही नाही. थोडी कार्यक्षमता जाते, पण प्रोपेलंट जळताना तडकता कामा नये, आकार बिघडता कामा नये. हे रसायनाचं आणि साच्याचं काम आहे, कोडिंगसारखं पुन्हा कंपाईल करून बघता येत नाही.

३० मे २०१८ ला ओडिशातल्या चांदीपूरजवळ या इंजिनाची पहिली उड्डाण चाचणी झाली, मग फेब्रुवारी २०१९, मग ५ मार्च २०२१, मग ८ एप्रिल २०२२. या चाचण्या विमानातून नव्हत्या, जमिनीवरून होत्या. मग विमानाने फुकट दिलेला वेग आणायचा कुठून? त्यासाठी क्षेपणास्त्राच्या मागे आणखी एक वेगळी रॉकेट मोटर जोडली होती. २०२१ च्या चाचणीत आधी या मोटरने क्षेपणास्त्राला विमानातून सुटल्यासारखी स्थिती दिली, मग बिननोझलच्या बूस्टरने ते रॅमजेटला लागणाऱ्या वेगापर्यंत नेलं, आणि मग रॅमजेटने हवा घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी चांदीपूरला सुखोईची भूमिका एका रॉकेटने केली होती.